आधी थांबायला शिका

जून उजाडला की आमच्या अपघात विभागातल्या सिस्टर ड्रेसिंगच्या सामानाची एक जादा ट्रॉली तयार ठेवतात. तसा कोणताही लेखी आदेश नाही. वर्षानुवर्षांच्या अनुभवाने लागलेली ती सवय आहे. बारावीचे निकाल लागलेले असतात, कॉलेजच्या प्रवेशाची धावपळ सुरू असते, घरात नवी कोरी स्कूटर आलेली असते आणि नेमका त्याच दिवसांत पहिला पाऊस पडतो. मग गुडघे, कोपरे, मनगटे, हनुवट्या आणि काही वेळा डोकी फुटलेली मुले आमच्याकडे येऊ लागतात.

गेल्या वर्षी अशीच एक मुलगी आली. (रुग्णांची ओळख कळू नये म्हणून या लेखातले काही तपशील बदलले आहेत.) वय एकोणीस, स्कूटरचे वय अठरा दिवस. कोणाशीही धडक झाली नव्हती. कॉलेजमधून परतताना वळणावर कुत्रे आडवे आले, तिने दोन्ही ब्रेक घट्ट आवळले, ओल्या रस्त्यावर पुढचे चाक घसरले आणि हनुवटी सिमेंटवर आपटली. जबडा दोन ठिकाणी मोडला, मनगटही मोडले. हेल्मेट डिकीत होते. तिचे वडील ट्रॉलीशेजारी उभे राहून पुन्हा पुन्हा एकच सांगत होते, “दोन दिवसांत शिकली हो डॉक्टरसाहेब. तिसऱ्या दिवशी एकटी कॉलेजला गेली.” तिला बोलता येत नव्हते. डाव्या हाताने मोबाइलवर टाइप करून तिने मला दाखवले, “मी फक्त ब्रेक दाबला होता.”

वडील खोटे बोलत नव्हते आणि मुलीचीही चूक म्हणता येत नव्हती. ती दोन दिवसांत गाडी चालवायला शिकली होती. गाडी थांबवायला मात्र तिला कोणी शिकवलेच नव्हते. गिअर नाही, क्लच नाही, बटण दाबले की सुरू, मूठ पिळली की पळते. स्कूटर चालवणे इतके सोपे असल्यामुळेच ती शिकावी लागते, हे आपण विसरून गेलो आहोत.

याचा दोष दुसऱ्यावर ढकलण्याआधी माझीच गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या मुलीला मीच स्कूटर शिकवली. कॉलनीतला रस्ता, दोन रविवार सकाळ. सुरू कशी करायची, मूठ किती पिळायची, वळायचे कसे, इंडिकेटर कोणता, हे सारे समजावले. ब्रेकबद्दल मी एकच वाक्य बोललो, “हे दोन ब्रेक.” तिसऱ्या आठवड्यात ती उभ्या रिक्षावर जाऊन आदळली. गुडघ्याला पाच टाके मीच घातले. टाके घालताना ती म्हणाली, “बाबा, मला वाटलं थांबेल.” आयुष्यभर अपघाताचे रुग्ण पाहणाऱ्या बापानेही तिला थांबण्याचा सराव दिला नव्हता.

आकडे काय सांगतात?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतली ७४ हजार ८९७ माणसे, म्हणजे शंभरातली सुमारे ४४, दुचाकीवर होती. याच वर्षी हेल्मेट न घातलेल्या ५० हजार २९ जणांचा मृत्यू झाला आणि त्यांत १४ हजार ३३७ जण मागच्या सीटवर बसलेले होते. या आकड्यांत जबडा वायरने बांधलेली, पाय प्लास्टरमध्ये अडकलेली, वर्ष वाया गेलेली मुले नाहीत. ती फक्त आमच्या केस पेपरवर असतात.

दुचाकीचे अपघात नेमके कसे होतात, याचा एक गाजलेला अभ्यास अमेरिकेत लॉस एंजेलिस परिसरात झाला. हॅरी हर्ट या संशोधकाच्या चमूने सुमारे ९०० मोटारसायकल अपघातांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणी केली. १९८१ साली त्याचा अहवाल आला. गाड्या मोटारसायकली होत्या, रस्ते परके होते, तरी त्यातली निरीक्षणे वाचताना मला आमचा अपघात विभाग आठवतो. अपघातात सापडलेल्यांपैकी ९२ टक्के जण स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून गाडी शिकलेले होते. निम्म्याहून अधिक जणांना त्या गाडीवर बसून पाच महिनेही झाले नव्हते. आणि संकट समोर आल्यावर बहुतेकांनी मागचा ब्रेक गरजेपेक्षा जास्त दाबून चाक घसरवले होते, तर पुढचा ब्रेक पुरेसा वापरलाच नव्हता. म्हणजे नवेपण, घरगुती शिकवणी आणि ब्रेकचे अज्ञान या तिन्ही गोष्टी चाळीस वर्षांपूर्वीच कागदावर आल्या होत्या.

थांबायला किती जागा लागते?

ताशी ४० किलोमीटर हा वेग आपल्याला फारच साधा वाटतो. या वेगाने स्कूटर एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. समोर धोका दिसल्यापासून बोटे ब्रेक दाबेपर्यंत सावध माणसालाही साधारण एक सेकंद लागतो. त्या सेकंदात ब्रेक लागलेलाच नसतो आणि ११ मीटर संपलेले असतात. त्यापुढे कोरड्या, चांगल्या रस्त्यावर नीट ब्रेक लावला तरी आणखी १२ मीटर लागतात. एकूण झाले २३ मीटर, म्हणजे साधारण दोन एसटी बसच्या लांबीइतके. वेग ६० केला की हेच अंतर ४५ मीटरच्या आसपास जाते. वेग दीडपट, पण अंतर जवळपास दुप्पट, कारण ब्रेकचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पावसात ते याहूनही वाढते आणि मोबाइलकडे पाहणाऱ्याचा तो एक सेकंद तीन-चार सेकंदांचा होतो.

आता ब्रेक. स्कूटरचा उजवा ब्रेक पुढच्या चाकाचा आणि डावा मागच्या चाकाचा. “पुढचा ब्रेक दाबू नकोस, गाडी पलटी होते,” हा सल्ला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो. तो अर्धवट आहे. गाडीचा वेग कमी होताना आपले आणि गाडीचे वजन पुढे झुकते, बसमध्ये उभे असताना ब्रेक लागला की आपण पुढे ढकलले जातो तसे. पुढच्या टायरवर वजन वाढते, त्याची रस्त्यावरची पकड वाढते. मागचे चाक हलके होते आणि पटकन घसरते. म्हणून गाडी थांबवण्याची मोठी ताकद पुढच्या चाकात असते. मात्र दोन अटी आहेत. हँडल सरळ हवे आणि ब्रेक एकदम न आवळता वाढवत नेला पाहिजे. ओले फडके पिळताना जसा जोर हळूहळू वाढवतो, तसा. वळणावर, वाळूवर किंवा चिखलात उजवा ब्रेक झटक्यात दाबला की पुढचे चाक घसरते आणि सावरायला वेळच मिळत नाही. त्या मुलीचे नेमके हेच झाले होते.

२०१९ सालापासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना एबीएस किंवा दोन्ही चाकांचे ब्रेक जोडणारी सीबीएस यंत्रणा बंधनकारक आहे. सीबीएस असलेल्या स्कूटरचा डावा ब्रेक दाबला की पुढचा ब्रेकही काही प्रमाणात लागतो. ही सोय चांगली आहे, पण ती रस्त्याची पकड वाढवत नाही आणि उजव्या ब्रेकची जागाही घेत नाही. तातडीने थांबायचे तर दोन्ही ब्रेक एकत्रच लागतात.

स्कूटरमध्ये आणखी एक सापळा आहे. उजवा हात दोन उलटी कामे करतो. त्याच हाताने मूठ पिळून वेग वाढवायचा आणि त्याच हाताने ब्रेक दाबायचा. घाबरलेला माणूस सगळी बोटे आवळतो आणि त्या आवळण्यात मूठ पिळली जाते. ब्रेक दाबलेला असूनही गाडी पुढे झेपावते. “गाडी आपोआपच पळाली,” असे सांगणारे रुग्ण मी कितीतरी पाहिले आहेत. विजेवरच्या स्कूटरमध्ये हा धोका जास्त, कारण तिचा आवाज नसतो आणि मूठ हलताच ओढ मिळते. म्हणून पहिली सवय ही: धोका दिसला की आधी मूठ सोडायची, मग ब्रेक. पार्किंगमधून गाडी ओढताना, फिरवताना ती बंदच ठेवायची.

मैदानावरचे पाच दिवस

रस्त्यावर येण्याआधी नव्या चालकाला मैदानावर किमान पाच सकाळी द्या. बरोबर एक जाणता माणूस आणि एक खडू पुरे. हेल्मेट, पायात बूट आणि पूर्ण कपडे मात्र पहिल्या दिवसापासून.

पहिल्या दिवशी गाडी सुरूच करायची नाही. तिचे वजन अंगाला कळू द्या. सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकतात का पाहा; टेकत नसतील तर ती गाडी त्या व्यक्तीसाठी उंच आहे. मेन स्टँडवर लावणे, उतरवणे, हाताने ढकलत गोल फिरवणे आणि ढकलतानाच ब्रेक दाबून चाक कसे थांबते ते पाहणे, एवढेच करा.

दुसऱ्या दिवशी माणूस चालतो त्या वेगाने सरळ जाणे आणि थांबणे. पाय उचलून फूटबोर्डवर ठेवायचे आणि गाडी पूर्ण थांबल्यावरच डावा पाय खाली टेकायचा. पाय लोंबकळत ठेवून स्कूटर चालवणाऱ्या मुलींची आणि बायकांची आपल्याकडे फार चेष्टा होते, त्यावर व्हिडिओ फिरतात. त्यात हसण्यासारखे काही नाही. ज्याचा ब्रेकवर विश्वास नसतो, त्याचा पाय खाली जातो. अशा पायाचा घोटा मात्र गाडीखाली सापडतो आणि मोडतो; म्हणून चेष्टा सोडून त्या व्यक्तीला ब्रेकचा सराव द्या, पाय आपोआप वर जाईल.

तिसरा दिवस फक्त थांबण्याचा. जमिनीवर खडूने रेघ ओढा. ताशी १५-२० किलोमीटर वेगाने या, रेघेवर ब्रेक सुरू करा आणि गाडी कुठे थांबली तिथे खूण करा. आधी नुसता डावा ब्रेक, मग दोन्ही. दोन्ही ब्रेकने अंतर किती कमी होते हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसले की ते जन्मभर लक्षात राहते. निदान वीस वेळा करा. मग वेग २५-३० करा. चाक घसरल्यासारखे वाटले तर ब्रेक किंचित सैल करून पुन्हा दाबायचा, हेही इथेच कळते.

चौथ्या दिवशी वळण. नियम साधा आहे: ब्रेक वळणाच्या आधी, वळणात मूठ स्थिर, वळण संपल्यावर वेग. नजर जिथे जायचे आहे तिथे. गाडी नजरेच्या मागे जाते; खड्ड्याकडे टक लावून पाहणारा खड्ड्यातच जातो. पाचव्या दिवशी शिकवणाऱ्याने अचानक हात वर करायचा आणि शिकणाऱ्याने तो दिसताच सरळ रेषेत थांबायचे. आरशात पाहणे, इंडिकेटर देणे आणि आठवणीने बंद करणे या गोष्टी या दिवशी जोडाव्यात.

त्यानंतर रस्ता, तोही आधी रविवार सकाळचा. पहिले तीन महिने मागे कोणाला बसवू नका. डबल सीट बसली की थांबण्याचे अंतर, तोल आणि वळण सगळेच बदलते, आणि मागच्याच्या गप्पांनी लक्ष जाते ते वेगळेच. रात्रीचा प्रवास, महामार्ग आणि मुसळधार पाऊस याच क्रमाने पुढे ढकला.

पाऊस, खड्डे आणि न दिसणारे आपण

पहिल्या पावसाचे पहिले काही तास सर्वांत निसरडे. उन्हाळाभर रस्त्यावर साचलेले तेल, धूळ आणि टायरचा रबर पाण्यावर तरंगतो. झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, ड्रेनेजची लोखंडी झाकणे, ओला पाला आणि शेतातून आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल, यांवर ना ब्रेक दाबायचा ना वळायचे. पाण्याखाली खड्डा आहे की नाही ते दिसत नाही, म्हणून तो आहे असेच धरायचे. खड्डा किंवा गतिरोधक टाळता येणार नसेल तर आधीच वेग कमी करा, हँडल सरळ ठेवा आणि चाक आत जाताना ब्रेक सैल सोडा. ब्रेक दाबलेले चाक खड्ड्यात गेले की हिसका दुप्पट बसतो.

रस्त्यावरच्या इतरांना आपण दिसतच नाही, असे समजून चाला. हर्टच्या अभ्यासातही बऱ्याच मोटारचालकांनी सांगितले होते की मोटारसायकल दिसलीच नाही, किंवा दिसली तेव्हा उशीर झाला होता. ट्रक आणि एसटीच्या डाव्या अंगाला, पुढच्या चाकाजवळ चालकाला जवळपास काहीच दिसत नाही; त्या जागेतून पुढे घुसू नका. उभ्या गाड्यांच्या रांगेपासून दार उघडेल एवढे अंतर ठेवा. रेनकोट काळा न घेता पिवळा किंवा केशरी घ्या. त्याला जास्त पैसे पडत नाहीत.

ओढणी, साडीचा पदर, स्टोल आणि लोंबणारा रेनकोट चाकात अडकून गळा आवळल्याचे आणि मानेला गंभीर इजा झाल्याचे रुग्ण आम्ही पाहिले आहेत. निघण्याआधी ओढणी कमरेला बांधा किंवा जॅकेटच्या आत घ्या. आणि एक विनंती, लहान मुलाला पुढे फूटबोर्डवर उभे करू नका. ब्रेक लागला की त्याचे तोंड थेट हँडलवर आपटते. चार वर्षांखालील मुलासाठी मोठ्या माणसाला बांधायचा पट्टा, मुलाचे स्वतःचे हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा नियमानेच घातलेली आहे.

हेल्मेट: वेगाशी नव्हे, उंचीशी संबंध

“मी हळूच चालवते, गावातल्या गावात,” हे कारण मी रोज ऐकतो. त्यासाठी शाळेतले भौतिकशास्त्र पुरे. दीड मीटर उंचीवरून सुटलेली कोणतीही वस्तू जमिनीवर ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने आपटते. म्हणजे उभ्या स्कूटरवरून तोल जाऊन पडले तरी डोके या वेगाने रस्त्याला भिडते. कवटीच्या आत मेंदू द्रवात तरंगतो. कवटी झटक्यात थांबते, मेंदू थांबत नाही. तो आतून आपटतो, शिरा ताणल्या जातात, फाटतात. हेल्मेटच्या आतला थर्माकोलसारखा थर दबतो आणि डोके थांबायला काही मिलिसेकंद जास्त मिळतात. तेवढ्यानेच मेंदूला बसणारा धक्का कमी होतो. अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतल्यावर हेल्मेटमुळे डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतो, असे आढळले आहे.

हे ज्ञान एका डॉक्टरच्या अस्वस्थतेतून आले. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ओळखले जाणारे टी. ई. लॉरेन्स मे १९३५ मध्ये इंग्लंडमध्ये सायकलवरच्या दोन मुलांना वाचवताना मोटारसायकलवरून पडले. डोक्यावर हेल्मेट नव्हते. सहा दिवसांनी ते गेले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे तरुण मेंदूशल्यचिकित्सक होते. पुढे त्यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या इजांचा अभ्यास केला, १९४१ साली हेल्मेटचे महत्त्व मांडणारा लेख प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. आपल्या राज्यात मात्र हेल्मेटसक्तीविरुद्ध आंदोलने झाली आहेत. हेल्मेट आयएसआय चिन्हाचे हवे, पट्टा हनुवटीखाली बांधलेला हवा आणि पट्ट्याखाली दोन बोटांपेक्षा जास्त जागा नको. न बांधलेले हेल्मेट डोक्याच्या आधी रस्त्यावर पोहोचते. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून चांगले दिसले तरी बदला, कारण आतला थर दबलेला असतो. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागते. रस्ता दोघांना सारखाच लागतो.

पडल्यानंतर

बऱ्याच वर्षांपूर्वीचा एक तरुण मी विसरू शकलेलो नाही. स्कूटरवरून पडला, उठला, गाडी उचलली, घरी गेला, जेवला आणि “डोकं दुखतंय” म्हणून झोपला. रात्री आईने हलवले तर उठेना. आमच्याकडे आणला तेव्हा एका डोळ्याची बाहुली मोठी झालेली होती. कवटी आणि मेंदूवरचे आवरण यांच्यामध्ये रक्त साचत होते. अशा इजेत मधले काही तास माणूस अगदी ठीक वाटतो. त्या तासांत तो आला असता तर शस्त्रक्रियेने वाचण्याची चांगली शक्यता होती. तो वाचला नाही.

म्हणून डोक्याला मार लागलेला माणूस बोलत असला, चालत असला तरी त्याला दाखवून घ्या आणि निदान चोवीस तास एकटे सोडू नका. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, न उतरणारी गुंगी, असंबद्ध बोलणे, झटका, हातापायातली ताकद जाणे, नाकातून किंवा कानातून रक्त अथवा पाण्यासारखा स्राव, यांपैकी काहीही दिसले तर घरी थांबू नका.

रस्त्यावर कोणी पडलेले दिसले तर १०८ क्रमांकावर फोन करा. त्याला घाईने उठवून बसवू नका, पाणी पाजू नका, मान वळवू नका. श्वास नीट चालत असेल तर हेल्मेट ओढून काढू नका. श्वासाला अडथळा असेल तर एकाने मान स्थिर धरून दुसऱ्याने ते अलगद काढावे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा. मदत करणाऱ्याला पोलिस त्रास देतील ही भीती आजही आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण दिले आहे.

आपण काय बदलू शकतो?

अपघात होऊन आलेल्या प्रत्येक नव्या चालकाला मी विचारतो, लायसन्सच्या वेळी काय करायला लावले? ठरलेले उत्तर येते, “आठ काढला.” आठचा आकडा तोल दाखवतो, पण तो संथ वेगात काढला जातो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत तातडीच्या वेळी गाडी थांबवता येणे हाही चाचणीचा भाग आहे. तो कागदावरच राहू नये. तीस किलोमीटर वेगाने येऊन ठरलेल्या जागेत न घसरता थांबून दाखवा, एवढी एक परीक्षा प्रत्येक चाचणी मैदानावर खरोखर घेतली गेली, तर घरोघरची शिकवणीही बदलेल. कारण आपल्याकडे परीक्षेत जे विचारतात, तेच शिकवले जाते. कॉलेजांना मैदाने आहेत. जूनमध्ये प्रवेश घेणाऱ्या मुलामुलींसाठी दोन सकाळींचे ब्रेक-शिबिर घेणे कोणत्याही कॉलेजला जमेल. स्कूटर विकणाऱ्यांनी चावी देताना पेढ्यांच्या बॉक्सबरोबर अर्धा तास ब्रेकचा सराव द्यावा.

पालकांसाठी एकच गोष्ट. सोळाव्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी चालवता येते. आजच्या नेहमीच्या स्कूटर ११० ते १२५ सीसीच्या आहेत, त्यांना अठरा वर्षे पूर्ण लागतात. अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दहावीच्या गुणांचे बक्षीस म्हणून स्कूटर देणाऱ्या बापाला ही तरतूद माहीत नसते, आणि अपघात विभागात ती सांगण्यात मला काही अर्थ वाटत नाही.

ऑगस्टमध्ये ती मुलगी जबड्याची वायर काढायला आली. वडिलांनी स्कूटर विकायला काढली होती. मुलगी म्हणाली, गावातून कॉलेजला सकाळी एकच एसटी आहे, ती चुकली की पहिली दोन लेक्चर्स जातात. प्रॅक्टिकल उशिरा सुटले तर परतायला काहीच नसते. तिचे म्हणणे खरे होते. गावाकडच्या मुलींसाठी स्कूटर ही चैन नाही. शिक्षण सुरू राहणे किंवा थांबणे कधी कधी तिच्यावर ठरते. म्हणून गाडी काढून घेणे हा माझा सल्ला नव्हता आणि नाही. वडिलांना मी एवढेच म्हणालो, “दादा, गाडी विकू नका. मनगट बरं झालं की रविवारी तिला शाळेच्या मैदानावर घेऊन जा आणि खडूने एक रेघ ओढा.” पुढच्या तपासणीला ती आली तेव्हा हेल्मेट हातात होते. मी विचारण्याआधीच वडील म्हणाले, “रेघेच्या पुढे आता चार पावलांत थांबते.”

आपल्या घरात या महिन्यात नवी स्कूटर आली असेल, तर तिची पूजा झाल्यावर, पहिल्या फेरीआधी, ती रेघ ओढा.